भाच्यानं फुकटात बसवून दिलं, मग माझे १८ हजार कशाचे?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी नागपूरच्या महाल भागात राहतो. गेली अकरा वर्षं औषधांच्या होलसेलवाल्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर तयार करून विकतो. माणूस मी एकटाच. कोड मी लिहितो, दुकानात जाऊन बसवून मी देतो, फोनही मीच उचलतो. गंजीपेठ, गांधीबाग, इतवारी आणि थोडे कामठी-उमरेडकडचे मिळून ७४ गिऱ्हाईक आहेत. १८ हजार रुपये एकदाच घेतो, पुढची सेवा फुकट.

मागच्या वर्षी फक्त ९ नवे गिऱ्हाईक झाले. त्यात दिवाळीनंतर गांधीबागेतल्या माझ्या एका जुन्या शेठच्या भाच्यानं त्यांच्या दुसऱ्या दुकानात ओपन सोर्स ईआरपी, म्हणजे बिलं, माल, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं आणि कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेठ आता चारचौघांत म्हणतात, "ते त फुकटात भेटते ना भाऊ, मंग तुमाले कायचे अठरा हजार देऊ?" बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बोलणी जवळपास पक्की झालेले तिघं आता तेच विचारताहेत.

किंमत ६ हजारांवर आणावी असं डोक्यात आहे. एक मित्र म्हणतो, तुझाही कोड ओपन सोर्स करून टाक, नाव होईल. बायको म्हणते, मिहानमधल्या एखाद्या कंपनीत नोकरी बघा. मनाला लागलं ते वेगळंच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा आदल्या दोन रात्री जागून मी ७४ जणांच्या मशीनवर बदल करून दिले. गंजीपेठेतल्या एका गिऱ्हाइकानं रात्री दीड वाजता घरून डबा आणून दिला, पण पैशाचं कुणी बोललं नाही आणि मीही मागितले नाहीत. आज तेच लोक विचारतात, पैसे कशाचे. फुकट सॉफ्टवेअर असताना विकतच्याला किंमत उरते का?

एक वाचक, नागपूर

उत्तर

भाऊ,

सहा हजारांचा विचार आधी मनातून काढा. बाकीचं सगळं बोलूच, पण हे या आठवड्यात तुमच्या हातून होऊ नये म्हणून पहिल्यांदा सांगते. शेठ तुमच्या किमतीची तुलना शून्याशी करताहेत. शून्याशेजारी उभे केले की सहा हजारही तेवढेच खुपतात. वर तुमचे जुने ७४ जण मनातल्या मनात हिशेब मांडतील, की या माणसानं आपल्याकडून बारा हजार जास्तीचे घेतले. नवं गिऱ्हाईक यायच्या आधी जुनं दुखावेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. किंमत उरते, पण सगळ्या भागांची उरत नाही. कुठला भाग शून्यावर जातो आणि कुठला जात नाही हे ओळखता आलं, तर तुमची झोप परत येईल असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

शेठ ज्याला फुकट म्हणतात, त्याचं खरं नाव मुक्त सॉफ्टवेअर. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' हा एकच शब्द आहे, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं गोंधळ चाललाय. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन स्वच्छ शब्द असून बाजारात एकच चालतो. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. त्यांचा आग्रह होता की प्रोग्राम वापरणाऱ्याला तो हवा तसा चालवता यावा, त्याचा कोड वाचता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा. पैसे घेऊच नयेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. १९८५ च्या सुमाराला ते स्वतः ईमॅक्स हा आपला एडिटर टेपवर भरून १५० डॉलरला विकत होते. फक्त टेप घेणाऱ्याला पुढे शंभर जणांना कॉपी वाटायची मोकळीक होती. मेख तिथेच आहे. कॉपी करायचा हक्क सगळ्यांना मिळाला की कॉपीचे पैसे फार दिवस कुणाला मागता येत नाहीत. एकानं दहा सांगितले तर दुसरा पाच सांगतो, तिसरा तशीच देऊन टाकतो.

शून्यावर येते ती ही कॉपीची किंमत. आणि तुम्ही अकरा वर्षं १८ हजार घेतलेत ते कॉपीचे म्हणूनच घेतलेत. बिलावरही 'सॉफ्टवेअर लायसन्स' एवढंच लिहीत असाल. म्हणून शेठच्या प्रश्नावर तुम्हाला उत्तर सुचलं नाही. तुमच्या बिलापुरता त्यांचा प्रश्न बरोबर होता.

मोठ्या कंपन्यांचंही हेच झालं. प्रोग्राम लिहायची साधनं, म्हणजे कंपायलर आणि एडिटर, ही एके काळी डब्यात घालून विकायची वस्तू होती. १९८३ मध्ये टर्बो पास्कल ४९ डॉलर ९५ सेंटला आलं, तेव्हा केवढं स्वस्त म्हणून लोकांना नवल वाटलं होतं. १९८७ मध्ये ग्नूचा सी कंपायलर आला, पुढे आयबीएमनं २००१ मध्ये एक्लिप्स हे प्रोग्राम लिहायचं साधन खुलं केलं, आणि २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या व्हिज्युअल स्टुडिओची एक्सप्रेस आवृत्ती काढली, जी लवकरच कायमची मोफत झाली. आज तुम्ही ज्या एडिटरमध्ये कोड लिहिता त्याला पैसे मोजले होते का? बहुधा नाही. तो धंदाच जवळपास पुसला गेला.

डेटाबेसची, म्हणजे नोंदी साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे, ती नीट बघा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल हे डेटाबेस फुकट मिळायला लागल्यावर छोट्या कामासाठी डेटाबेस विकत घेणं लोकांनी सोडलं. मग २००५-०६ या दोन वर्षांत मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल आणि आयबीएम या तिघांनीही आपापल्या डेटाबेसची छोटी, मर्यादा घातलेली आवृत्ती फुकट काढली. बाजाराचं खालचं टोक शून्यावर आलं. पण वरचं टोक? ओरॅकलच्या एंटरप्राइझ डेटाबेसची छापील किंमत तेव्हा एका प्रोसेसरमागे ४० हजार डॉलर होती. २००८ मध्ये ती ४७,५०० डॉलर झाली. शेजारी पोस्टग्रेस फुकट असताना वाढली. ज्या बँकेचा सगळा कारभार त्या डेटाबेसवर उभा आहे तिला कॉपीची पर्वा नसते. रात्री दोन वाजता काही अडलं तर समोरून कोण बोलणार, आणि वीस वर्षांचा डेटा दुसरीकडे हलवायची जोखीम कोण घेणार, याचे पैसे ती देते.

म्हणजे फुकट सॉफ्टवेअर आलं की भाव सरसकट पडतात हे खरं नाही. बाजार मधोमध चिरतो. ज्याचं काम साधं, त्याला फुकट मिळतं. ज्याचं अडलं तर नुकसान मोठं, तो पैसे मोजतो, कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त. मधे राहतात तुमच्यासारखे, जे मोठ्या जबाबदारीचं काम करतात आणि छोट्या कॉपीचे पैसे घेतात.

आपल्या इतवारीतलंच बघा ना. ग्नूकॅश हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर १९९८ पासून आहे. एक रुपया लागत नाही. तरी इतवारीतल्या पेढीवर टॅलीच दिसते. कारण मुनीम टॅलीवर शिकलेला, सीए टॅलीची फाइल मागतो, नवा ऑपरेटर ठेवायचा तर टॅलीचा क्लास केलेली मुलं कितीही मिळतात, आणि रिटर्नच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. व्यापारी हे सगळं मिळून एक किंमत धरतो आणि त्या किमतीत टॅली त्याला परवडते. इथे कुणी मूर्ख नाही. पैसे देणाराही नाही, आणि ज्याला दुसरं परवडतं तोही नाही.

याची दुसरी बाजू मात्र आपल्या बाजारात आहे, तीही बोलली पाहिजे. आपल्याकडे विकतच्या सॉफ्टवेअरची खरी स्पर्धा बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअरशी नव्हतीच, चोरून केलेल्या कॉपीशी होती. छपाईच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर चोरून वापरलं गेलं, म्हणून इंकस्केपसारखं चांगलं मुक्त सॉफ्टवेअर तिथे पोचलंच नाही. दोन्ही फुकटच असतील तर सवयीचं कोण सोडेल? 'सॉफ्टवेअरचे कायचे पैसे' हा शब्द आपल्या बाजारात भाच्याच्या आधीपासून आहे. त्या पोराच्या माथी तो मारू नका.

आता एक माझा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजच्या ग्रंथालय समितीवर होते. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मोठं होतं, म्हणून आम्ही कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. कोहा मूळ न्यूझीलंडचं, तिथल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी बनवलेलं, आणि जानेवारी २००० पासून वापरात असलेलं. उत्तम सॉफ्टवेअर आहे, हे मी आजही सांगेन. शेवटच्या वर्षाच्या एका हुशार मुलानं आठवडाभरात ते बसवलं. आम्ही त्याचा सत्कार केला, समितीच्या इतिवृत्तात 'शून्य खर्चात' असं लिहिलं, आणि ते वाक्य मीच सुचवलं होतं. मुलगा पास होऊन पुण्याला गेला. दीड वर्षानं त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. बॅकअप घ्यायचा असतो हे कुणाच्या कामात लिहिलेलंच नव्हतं. साडेनऊ हजार पुस्तकांच्या नोंदी दोन कारकुनांनी पुन्हा हातानं भरल्या, त्यात चार महिने गेले. परीक्षेच्या दिवसांत मुलं काउंटरवरून रिकाम्या हातानं परत जाताना मी पाहिली आहेत. मला त्याची आजही टोचणी आहे, कारण सॉफ्टवेअरचा त्यात काडीचा दोष नव्हता. आम्ही कॉपी शून्याला मिळाली म्हणून जबाबदारीही शून्याला मिळेल असं धरून चाललो होतो.

पुढे काय केलं, ते तुमच्यासाठी महत्त्वाचं. आम्ही कोहा सोडलं नाही. दोन मुलांच्या एका छोट्या फर्मला वर्षाचा करार दिला. रोजचा बॅकअप, आवृत्ती बदलणं, फोन आला की चार तासांत उत्तर. त्या दोघांनी कोहाची एक ओळही लिहिली नव्हती. तरी समितीत त्यांच्या बिलावर त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

रेड हॅट या कंपनीनं हेच जगभर केलं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट, आणि त्यांच्याच लिनक्सच्या कोडवरून तयार केलेलं सेंटओएस २००४ पासून फुकट मिळत होतं. तरी कंपन्या रेड हॅटला वर्गणी भरत राहिल्या. २०१२ या आर्थिक वर्षात त्यांची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. जी वस्तू कुणालाही फुकट मिळते, तिची काळजी वाहणाऱ्याला एवढी किंमत मिळाली.

आता तुमच्या २२ सप्टेंबरकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे, आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं निर्णय घेतला आणि २२ तारखेला, ऐन घटस्थापनेला, तो लागू झाला. बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली, ३३ जीवरक्षक औषधांचा कर शून्य झाला. होलसेलवाल्याच्या गोदामात १२ टक्क्यांनी घेतलेला माल पडून, आणि सोमवारी सकाळी पहिलं बिल नव्या दरानं फाटणार. कुठली औषधं शून्यात, कुठली पाचात, जुन्या मालाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कसं दाखवायचं, परत आलेल्या जुन्या मालाची क्रेडिट नोट कुठल्या दरानं. हे सगळं तुम्ही दोन रात्रींत ७४ दुकानांत उभं केलंत. मुक्त ईआरपीतही कराचे दर बदलता येतात, सुंदर बदलता येतात. पण ते बदलायला त्या रात्री दुकानात कुणीतरी लागतंच. भाच्याची तेव्हा परीक्षा असती तर?

शिवाय १० वर १ फुकटची स्कीम, अर्ध्या स्ट्रिपचा हिशेब, तीन महिन्यांत एक्स्पायर होणाऱ्या बॅचची यादी, कंपनीनं अर्धवट मान्य केलेला एक्स्पायरी क्लेम, म्हणजे मुदत संपलेल्या मालाच्या भरपाईचा दावा. हे लिहिण्यात कुणाला मजा येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर तिथे जोमानं वाढतं जिथे लिहिणाऱ्यालाच ते हवं असतं. प्रोग्रामरला कंपायलर हवा होता, डेटाबेस हवा होता, ब्राउझर हवा होता, म्हणून ते झाले आणि फार चांगले झाले. किंवा मग एखाद्या मोठ्या कंपनीला ते फुकट असण्यात फायदा असतो. तर्री फुकट वाढली की पोह्याच्या प्लेटा जास्त खपतात, तसं. सर्व्हर विकणाऱ्या आयबीएमनं २००१ मध्ये लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्चायचं ठरवलं ते याच हिशेबानं. एक्स्पायरी क्लेमची हौस कुणा प्रोग्रामरला नाही आणि त्यावर कुणाच्या प्लेटा खपत नाहीत. ते काम पैसे घेऊन करणारा माणूस लागणार, मग तो भाच्याचं ईआरपी वापरून करो की तुमचं सॉफ्टवेअर वापरून.

तर मग बिल बदला. येत्या १ एप्रिलपासून. व्यापाऱ्याचं वर्ष तेव्हा सुरू होतं, नवी गोष्ट तेव्हाच पटते.

नव्या गिऱ्हाइकाच्या बिलात लायसन्सच्या ओळीपुढे शून्य लिहा. हो, शून्यच. त्याखाली बसवणी, जुना डेटा भरून देणं आणि ऑपरेटरला आठ दिवस शिकवणं, याचे मिळून १२ हजार. आणि त्याखाली वर्षाची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, ४,५०० रुपये, पहिल्या दिवसापासून. पहिल्या वर्षी १६,५०० होतात, म्हणजे तुम्ही फार खाली आलात असंही नाही. शेठनं 'सॉफ्टवेअरचे कायचे' विचारलं तर बिल पुढे करा. सॉफ्टवेअरचे काहीच नाहीत.

जुन्या ७४ जणांचं प्रकरण नाजूक आहे. 'पुढची सेवा फुकट' असा शब्द तुम्ही दिला आहे. तो मोडू नका. तुमच्या प्रोग्रामात चूक निघाली तर ती फुकटच दुरुस्त करा, फोनवर अडचण सांगितली तर फुकटच सांगा. पण सरकारनं नियम बदलला, दर बदलले, नवा फॉर्म आणला, त्याचे बदल, रोजचा बॅकअप आणि दुकानात येऊन करायचं काम, हे १८ हजारांत कधीच नव्हतं. ते एएमसीत घाला. ७४ पैकी ५० जण आले तरी वर्षाचे २ लाख २५ हजार होतात. मागच्या वर्षी ९ नव्या गिऱ्हाइकांचे तुम्हाला १ लाख ६२ हजार मिळाले. आणि सहा हजारांच्या भावानं २ लाख २५ हजार मिळवायचे तर वर्षाला ३८ नवी दुकानं लागली असती, म्हणजे ३८ नवे फोन, तेही आयुष्यभर फुकट उचलायचे. एकट्या माणसाला ते झेपलं नसतं. बायकोला मिहान आठवतं ते यामुळेच असेल. त्यांना तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल शंका नसावी, महिन्याला किती येतील याची खात्री हवी असावी. हा हिशेब आधी त्यांच्यासमोर मांडा. वर्षभरात ३० जणांनीही करार केला नाही तर नोकरीचा विचार करा, त्यात काही कमीपणा नाही. मुदत मात्र दोघांनी मिळून ठरवा.

कोड खुला करावा का? सध्या नको. खुल्या कोडला किंमत येते ती तो वाचून सुधारणारे लोक भेटले तर. मायएसक्यूएल खुलं होतं, जगभरचे प्रोग्रामर ते वापरत होते, म्हणून २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं ते एक अब्ज डॉलरला घेतलं. तुमचे वापरणारे ७४ औषधवाले आहेत, ते कोडमध्ये सुधारणा करून पाठवणार नाहीत. एक गोष्ट मात्र याच आठवड्यात तपासा. तुमच्या प्रोग्रामात कुठून कुठून घेतलेली मुक्त लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आहे आणि तिचा परवाना कोणता, हे बघा. काही परवाने तुमचा कोड बंद ठेवू देतात. जीपीएलसारखे काही मात्र असे आहेत की त्यांचा कोड आपल्यात मिसळून गिऱ्हाइकाला दिला तर आपलाही कोड त्याला द्यावा लागतो. न बघता घेतलं असेल तर आत्ताच बदलून घ्या.

कोड खुला केला नाही तरी मुक्त सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला जे खरं देतं, ते तुम्हाला देता येईल. आणि इथे मला तुम्हाला थोडं स्पष्ट सांगायचं आहे. शेठला पैशाची अडचण आहे असं मला वाटत नाही. गांधीबागेतल्या होलसेलवाल्याला अकरा वर्षांतून एकदा दिलेले १८ हजार जड नसतात. मनात भीती वेगळी असते. हा माणूस एकटा आहे. उद्या आजारी पडला, नोकरीला लागला, भाव दुप्पट केला, तर माझा सगळा डेटा याच्या प्रोग्रामात अडकलेला. ती भीती खोटी नाही. एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं घेतली, आणि पुढच्याच महिन्यात एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची सोय बंद करून फक्त वर्गणी ठेवली. तेव्हा जगभरच्या कितीतरी कंपन्या प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त पर्यायाकडे बघायला लागल्या. मुक्त पर्याय शेजारी असला की विकणाऱ्याला मनमानी करता येत नाही. गिऱ्हाईक तो वापरो न वापरो, त्याचा धाक राहतो. विकतच्या सॉफ्टवेअरच्या किमतीवर त्याचा सगळ्यात मोठा परिणाम मला तरी हाच वाटतो, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर तो चांगलाच आहे.

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण ठेवा, ज्यानं शेठचा सगळा डेटा, पार्टी, बॅच, जुनी बिलं, सगळं साध्या एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलींत बाहेर पडेल. केव्हाही, तुम्हाला न विचारता. आणि कोडची एक प्रत सीलबंद करून तुमच्या ओळखीच्या एखाद्या वकिलाकडे किंवा सीएकडे ठेवा. तुम्ही सलग तीन महिने सेवा देऊ शकला नाहीत तर ती करारातल्या गिऱ्हाइकांना वापरायला मिळेल, असं एएमसीच्या कागदावर लिहा. तुम्हाला वाटेल, दार उघडं ठेवलं की लोक निघून जातील. दार उघडं आहे हे दिसलं की बसलेला माणूस निवांत बसतो, असं मी दुकानदारीत पाहिलं आहे.

राहिला भाचा. त्याला भेटा. आधी शेठला न सांगता, साधं चहाला बोलवा. तिसऱ्या वर्षाचा पोरगा मामाच्या दुकानासाठी ईआरपी उभं करतो, म्हणजे कामाचा आहे. त्याला विचारा की एक्स्पायरीचा माल तिथे कसा परत पाठवतोस, स्कीमचा माल कसा धरतोस. ऐकून घ्या. काही गोष्टी त्याच्याकडे तुमच्यापेक्षा चांगल्या असतील, मोबाइलवर रिपोर्ट दिसणं वगैरे, त्या शिकून घ्या. सुट्टीत दोन महिने तुमच्याकडे काम करतोस का, असंही विचारा. एकटा माणूस ही तुमची सगळ्यात मोठी कमजोरी आहे, हे तुम्हाला फोन लावून न लागलेले गिऱ्हाईकच सांगतील.

आणि शेठला सांगा, दोन्ही दुकानं तीन महिने आहेत तशी चालू द्या. एका दुकानात माझं, एकात भाच्याचं. एक एक्स्पायरी क्लेम आणि तीन महिन्यांचे रिटर्न दोन्हीकडून निघू द्या, मग तुम्हीच ठरवा. तिथे भाच्याचं चांगलं चाललं तर ते गिऱ्हाईक जाऊ द्या. काही दुकानं अशी आहेतच ज्यांच्यासाठी मुक्त ईआरपी तुमच्यापेक्षा बरं. घरात शिकलेला मुलगा आहे, माल मोजका आहे, उधारी कमी आहे. त्यांना धरून ठेवण्यात तुमची रात्र जाईल आणि त्यांचाही फायदा नाही.

एएमसीचा कागद एका पानाचा ठेवा, मराठीत आणि हिंदीत. काय मिळेल, किती तासांत मिळेल, कशाचे वेगळे पैसे पडतील, एवढंच. फोनची वेळही लिहा, रात्री नऊनंतरच्या फोनला वेगळा दर लावा. छापून झाला की पहिला गांधीबागेत नेऊ नका. गंजीपेठेत त्या दुकानात न्या, जिथून रात्री दीड वाजता तुमच्यासाठी डबा आला होता. त्या माणसाला तुमच्या कामाची किंमत कळलेली आहे. ती किती, हे त्याला अकरा वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.